लेन्समधील बुरशी दर पावसाळ्यात परत का येते

चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, फळापानांची माटोळी बांधून झाली, पाहुणे यायचे आहेत, म्हणून जूनपासून पिशवीत पडून राहिलेला कॅमेरा बाहेर काढावा, लेन्स खिडकीच्या उजेडात धरावी आणि आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू पसरलेले दिसावेत, हा अनुभव गोव्यात छायाचित्रणाचा छंद असलेल्या अनेकांच्या वाट्याला एकदा तरी येतो. ती बुरशी असते. आपण लेन्स दुरुस्तीला पाठवतो, पैसे मोजतो, लेन्स लख्ख होऊन परत येते आणि पुढच्या चवथीला तेच तंतू त्याच भिंगावर पुन्हा हजर असतात. माझ्या ७०–३०० मिलिमीटरच्या झूम लेन्सच्या बाबतीत हे लागोपाठ दोन वर्षे घडले. दुसऱ्या वेळी मी सफाई अर्धवट झाल्याची तक्रारही केली. परंतु दोष सफाईचा नव्हता. ज्या कापडी पिशवीत, ज्या लाकडी कपाटात आणि ज्या ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला लागून ती लेन्स ठेवली जात होती, तेथे काहीच बदललेले नव्हते. म्हणून या लेखात बुरशी काढण्यापेक्षा ती परत का येते, याचा विचार अधिक केला आहे.

सर्वप्रथम, जे दिसते आहे ते खरोखर बुरशीच आहे का, याची खात्री करावी. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून दोन्ही बाजूंची झाकणे काढावीत, अंधाऱ्या खोलीत एका बाजूने एलईडी टॉर्चचा प्रकाश तिरका टाकावा आणि दुसऱ्या बाजूने आत पाहावे. मग टॉर्चची व डोळ्याची जागा बदलून तेच पुन्हा करावे. अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) पाती मिटलेली असतील तर मधली भिंगे दिसतच नाहीत. जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडी असते, ती सर्वांत लहान आकड्यावर आणावी. निकॉनच्या एफ माउंटच्या (कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याच्या एका प्रकारच्या) अनेक लेन्सना मागच्या बाजूस एक छोटी पट्टी असते. ती बोटाने हलकेच सरकवली की पाती उघडतात. कॅननच्या ईएफ लेन्सची पाती लेन्स काढल्यावर सहसा उघडीच असतात, त्यामुळे तेथे हा खटाटोप लागत नाही.

या तपासणीत फांद्या फुटलेले बारीक तंतू दिसले, विशेषतः ते भिंगाच्या कडेकडून मध्याकडे सरकत आलेले असले, तर ती बुरशी समजावी. संपूर्ण भिंगावर एकसारखा दुधाळ पडदा असेल तर तो बहुधा लेन्समधील वंगणाच्या तेलकट वाफेचा थर असतो. कडेला बुडबुडे किंवा इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसत असतील तर एकमेकांना चिकटवलेल्या दोन भिंगांमधला थर सुटू लागलेला असतो, आणि त्यावर घरी काहीही उपाय नाही. सुटे सुटे ठिपके म्हणजे धूळ. ती प्रत्येक वापरात असलेल्या लेन्समध्ये असते व तिच्याकडे दुर्लक्ष करावे. छायाचित्रात निळ्या आकाशावर ठरावीक जागी काळपट डाग दिसतात आणि एफ/१६ सारख्या लहान अ‍ॅपर्चरवर ते अधिक ठळक होतात, त्यांचा तर लेन्सशी बहुधा संबंधच नसतो. ती सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीवरची, धूळ असते. बुरशी छायाचित्रात अशी डागासारखी सहसा उमटत नाही. तिच्यामुळे कॉन्ट्रास्ट (उजेड-सावलीतला फरक) कमी होतो आणि प्रकाश समोरून येत असताना चित्रावर फिकट धुके चढते. शिगम्याच्या रात्रीच्या मिरवणुकीत दिव्यांभोवती पूर्वी नसलेले मोठे तेजोवलय दिसू लागले की शंका घेण्यास हरकत नाही. पुढच्या भिंगापेक्षा मागच्या, सेन्सरजवळच्या भिंगावरील बुरशी चित्राचे अधिक नुकसान करते, हेही लक्षात ठेवावे.

आता कारणाकडे वळू. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते लेन्समध्ये शिरू नयेत अशी व्यवस्था कोणत्याही लेन्समध्ये नाही, आणि झूम लेन्स तर लांब-आखूड होताना भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढत असते. पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेल्या महागड्या लेन्ससुद्धा हवेतील बाष्प अडवू शकत नाहीत. बोटांचे ठसे, कापडाचे सूत, धूळ आणि वंगण हे बुरशीचे खाद्य आहे. अंधार आणि न हलणारी हवा तिला मानवते. तरीही या सर्वांत निर्णायक ठरते ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जितके बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते. ही आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर काही दिवस सलग राहिली की बीजाणू रुजतात. ती ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर बीजाणू असूनही काही घडत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, आणि या काळात घराबाहेरची आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. बीजाणू नाहीसे करता येत नाहीत, उबदार हवा बदलता येत नाही; आपल्या हातात राहते ती फक्त डब्यातील किंवा कपाटातील आर्द्रता. दुरुस्ती करणारा भिंग पुसून देतो, कपाट पुसून देत नाही.

घरात आर्द्रता किती आहे याचा अंदाज मिठाच्या बरणीवरून येतो. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. मिठागरातले जाडे मीठ त्यातील मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे त्याच्याही आधी पाझरते. म्हणजे मिरगानंतर (मृग नक्षत्र लागल्यावर) ज्या दिवशी पिशवीतले बारीक मीठ चमच्याला चिकटू लागते, त्या दिवशी बुरशीला लागणारी मर्यादा आपल्या घराने आधीच ओलांडलेली असते. पुरुमेताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सामान भरताना सुकी मासळी आणि सोले (आमसुले) कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवण्याची काळजी आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या घेत आली आहेत. त्याच घरात त्याहून कितीतरी महाग असलेली लेन्स मात्र फोमच्या अस्तराच्या पिशवीत, साखळी ओढून, निर्धास्तपणे ठेवली जाते. ती पिशवी प्रवासासाठी बनवलेली असते. तिचे अस्तर ओल शोषते आणि धरून ठेवते, त्यामुळे पावसाळ्यात कॅमेरा ठेवण्यासाठी तिच्याइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. चामड्याची जुनी पेटी असेल तर ती त्याहूनही वाईट. ज्या घरात पट्ट्यावर आणि चपलांवर बुरशी येते, त्या घरात चामड्याच्या पेटीतली लेन्स सुटणे कठीण.

उपायाची पहिली पायरी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) ही आहे, सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) नव्हे. छोटा डिजिटल हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो; मात्र स्वस्त यंत्राच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, आणि येथे तेच मीठ पुन्हा उपयोगी पडते. बाटलीच्या एका झाकणात बारीक मीठ घ्यावे, त्यात पाण्याचे काही थेंब टाकून ते ओल्या वाळूइतके भिजवावे, मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एकमेकांना न टेकवता एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात रात्रभर ठेवावे. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते, म्हणून सकाळी यंत्रावर जो आकडा दिसेल त्यातून त्याची चूक समजते. माझ्या दोन यंत्रांपैकी एक ७० दाखवत होते आणि दुसरे ८१. हा फरक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पाठीवर चिकटवला की काम भागते. ही चाचणी न करता पहिल्या यंत्रावर विसंबलो असतो तर डब्यातली आर्द्रता ५८ आहे अशा समजुतीत ती ६३ वर ठेवली असती.

त्यानंतर डबा. झाकणाला रबराची कडी असलेला, चारही बाजूंनी कुलपासारखे कान लागणारा स्वयंपाकघरातील प्लास्टिकचा डबा पुरेसा आहे, केवळ छायाचित्रणासाठी म्हणून विकला जाणारा डबाच घेतला पाहिजे असे नाही. त्यात कॅमेरा, लेन्सा, सिलिका जेल आणि हायग्रोमीटर एवढेच ठेवावे. पट्टा, कापडी पिशवी, फोम, वापराच्या सूचनांची पुस्तिका हे सर्व बाहेर. अनेकांची तक्रार अशी असते की सिलिका जेल ठेवले होते, तरी बुरशी आली. या तक्रारीचा उलगडा थोड्या हिशोबाने होतो. ३० अंश सेल्सियसला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. म्हणजे २० लिटरच्या डब्यात ८५ टक्के आर्द्रतेची हवा कोंडली तरी तिच्यात जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असते. सिलिका जेल ४० टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे पाणी धरू शकते, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम. डबा खरोखर हवाबंद असेल आणि तो आठवड्यातून एक-दोनदा उघडला जात असेल, तर १०० ग्रॅम जेल कित्येक आठवडे टिकले पाहिजे. तुमच्या जेलचा रंग आठ दिवसांत बदलत असेल तर जेल कमी नाही. डबा गळतो आहे किंवा त्यात ओल धरणारी एखादी वस्तू राहिली आहे. अशा वेळी जेल वाढवत बसण्यापेक्षा रबराची कडी तपासावी. नव्या बुटांच्या किंवा पर्सच्या खोक्यात मिळणाऱ्या पुड्या तर मोजणीतच धरू नयेत, कारण त्या आपल्या हाती येईपर्यंत बहुधा भरून गेलेल्या असतात.

सिलिका जेल रंग बदलणारे घ्यावे. निळ्याचे गुलाबी होणारे जेल कोबाल्टच्या क्षारामुळे रंग बदलते आणि तो क्षार विषारी आहे. नारिंगीचे हिरवे होणारे जेल घरात अधिक बरे. रंग बदलला की जेल टाकून द्यायचे नसते. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर पातळ थरात दीड-दोन तास ठेवले की साठलेले पाणी निघून जाते व रंग परत येतो. ओव्हन नसेल तर जुन्या, जेवणासाठी पुन्हा न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर ढवळत राहावे. आच वाढवली तर रंगद्रव्य करपते आणि मग जेल भरले की रिकामे आहे हे कळायला मार्ग राहत नाही. गरम जेल उघड्यावर थंड होऊ देणे ही चूक मी स्वतः बराच काळ करत होतो: आपल्या जुलैच्या हवेत ते थंड होता होता पुन्हा पाणी पिऊन घेते. ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत थंड करावे आणि मगच डब्यात ठेवावे.

दोन-तीनपेक्षा अधिक लेन्सा असतील तर विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घेणे योग्य ठरते. काही कॅबिनेटमध्ये थंड पट्टीवर बाष्प जमवून बाहेर काढले जाते, काहींमध्ये बाष्प शोषणारे द्रव्य ठरावीक वेळाने आपोआप तापवून ओल बाहेर सोडली जाते. आपल्या हवेत दोन्ही चालतात. पावसात वीज जाते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण दार न उघडल्यास आतली आर्द्रता हळूहळूच चढते आणि बुरशी रुजायला दिवस लागतात, तास नव्हेत. रात्रभर वीज गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. कॅबिनेट ४० ते ४५ टक्क्यांवर ठेवावे. कोरडे जितके अधिक तितके चांगले, असे समजून २५ वर आणू नये, कारण अतिकोरड्या हवेत वंगण आणि रबर यांचे आयुष्य घटते. जुन्या पद्धतीचा, कपाटात लहान तापणारा दिवा लावून ठेवण्याचा उपायही शास्त्राला धरून आहे: ८५ टक्के आर्द्रतेची २८ अंशांची हवा तापवून ३४ अंशांवर नेली की तीच आर्द्रता सुमारे ६० टक्के होते. मात्र एलईडी दिव्याने हे साधत नाही, आणि लाकडी कपाटात कपड्यांशेजारी तापलेला दिवा दिवसरात्र पेटता ठेवणे मला स्वतःला पटत नाही.

काही प्रचलित उपाय टाळावेत. डब्यात तांदूळ ठेवल्याने हवा कोरडी होत नाही. त्याच घरातील तांदळात त्या हवेच्या मानाने ओल आधीच असते, आणि त्याची पूड तेवढी भिंगांवर बसते. डांबराच्या गोळ्यांची वाफ भिंगावर थर धरते. कपड्यांच्या कपाटात ठेवायचे, तळाशी पाणी साठत जाणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कॅमेऱ्याजवळ नकोत. तो डबा कलंडला तर जे सांडते ते धातूला खाते. लेन्सला ऊन दाखवण्याचा सल्ला घरातील वडीलधारी मंडळी लोणच्याच्या बरण्यांच्या अनुभवावरून देतात. उन्हाने ओल कमी होते हे खरे, परंतु लेन्स हे शेवटी भिंग आहे; सूर्याकडे तोंड करून ठेवलेली लेन्स स्वतःच्या अ‍ॅपर्चरची पाती जाळू शकते किंवा मागे ठेवलेल्या कागदाला आग लावू शकते. शिवाय ऊन दिल्याने बुरशी मेली तरी तिचे तंतू भिंगावरच राहतात.

साठवण सुधारूनही बुरशी येत असेल तर कॅमेरा घरी कोणत्या अवस्थेत परत येतो, ते पाहावे. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून बाहेर पडताच भिंगावर धुके धरते, त्यामागचे गणित साधे आहे: ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा, सुमारे २६ अंश असतो, म्हणून २३ अंशांच्या खोलीतून आलेल्या प्रत्येक वस्तूवर दव जमणारच. हे दव केवळ पुढच्या काचेवर जमत नाही. खोलीतच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, बाहेर आल्यावर अर्धा तास तशाच बंद पिशवीत राहू द्यावा आणि तो बाहेरच्या तापमानाला आला की मग काढावा. पहाटेची रायबंदरची फेरीबोट पकडून चोडणच्या पक्षी अभयारण्यात जाणाऱ्यांनी तर रात्री कॅमेरा वातानुकूलित खोलीत ठेवूच नये. खारफुटीत धीवर पक्षी (खंड्या) समोर बसलेला असताना अर्धा तास थांबण्याची शांती फार थोड्यांकडे असते.

समुद्रकिनाऱ्याचा प्रश्न वेगळा आणि अधिक चिवट आहे. मिरामारला किंवा मोरजीला वाऱ्याच्या दिवशी तासभर काढला की लेन्सच्या नळीवर आणि काचेवर मिठाचा अदृश्य थर बसतो. हे मीठसुद्धा बरणीतल्या मिठाप्रमाणेच वागते: आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढते, आणि ते पाणी लेन्सच्या सांध्यांजवळ, झूमच्या कडीखाली मुरत राहते. म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने नळी व कॅमेऱ्याचे अंग पुसावे, मग कोरड्या कापडाने, आणि पंख्याच्या हवेत दोन-तीन तास उघडे ठेवूनच डब्यात बंद करावे. काच पुसण्याआधी ब्लोअरने (हाताने दाबून हवा मारण्याच्या रबरी फुग्याने) वाळू उडवणे आवश्यक आहे, नाहीतर कापडाखाली वाळूचा कण फिरतो आणि काचेवरच्या कोटिंगवर (पातळ लेपावर) कायमची रेघ उठते. किनाऱ्यावर संरक्षक फिल्टर लावावा, परंतु घरी तो काढून ठेवावा. फिल्टर आणि पुढचे भिंग यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेतही बुरशी धरते. माशेलचा चिखलकालो टिपून आल्यावरही हेच सर्व करायचे असते, फक्त मिठाच्या जागी चिखल असतो.

आता सफाईविषयी. बुरशी अगदी बाहेरच्या काचेवर असेल तर ती घरी काढता येते: ब्लोअर, मग लेन्स पुसण्याच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब आणि मध्यापासून कडेकडे हलका गोल हात. द्रव थेट काचेवर ओतू नये, कारण तो कडेने आत उतरतो. आतल्या भिंगांवर बुरशी असेल तर स्वतः लेन्स उघडण्याच्या भानगडीत पडू नये. भिंगे परत बसवताना केसभर सरकली तरी चित्राची एक बाजू कायम अस्पष्ट येते. ती पाठवावी, आणि पाठवण्याची घाई करावी, कारण बुरशी आम्ल सोडते, त्याने आधी कोटिंग आणि पुढे काच खरवडली जाते, आणि तो खड्डा कोणत्याही सफाईने भरत नाही. खर्चाचा अंदाज आधी विचारावा. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी १८–५५ मिलिमीटरची लेन्स असेल तर सफाईच्या पैशात तशीच वापरलेली दुसरी लेन्स मिळू शकते, आणि अशा वेळी मी दुसरी घेण्याच्या बाजूचा आहे. लेन्स परत येण्याआधी डबा तयार, जेल तापवलेले आणि हायग्रोमीटर तपासलेला असावा. लेन्स घरी आल्या दिवसापासून तिची जागा तीच. जुनी पिशवी धुऊन कडक उन्हात वाळवावी व फक्त बाहेर जातानाच वापरावी.

सफाईनंतरही काही खुणा उरल्या तर त्या जिवंत बुरशीच्या आहेत की खरवडलेल्या काचेच्या, हे एका तपासणीत कळत नाही. त्यासाठी मिरगाच्या सुमारास टॉर्चच्या प्रकाशात लेन्सच्या आतले मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे, चवथीला त्याच कोनातून दुसरे काढावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. तंतूंची लांबी वाढली असेल तर डब्यात कुठूनतरी ओल शिरते आहे. माझ्या ७०–३०० च्या एका आतल्या भिंगाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी चांदणीसारखी खूण गेली तीन वर्षे आहे. ती एका केसानेही सरकलेली नाही, म्हणून मी ती तशीच राहू दिली आहे.